भाऊंच्या भुवया

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला एस.टी.तून उतरलो आणि कुठल्या बाजूला वळायचं तेच कळेना. या गावात मी किती वेळा आलो असेन. पण रस्ता रुंद झाल्यापासून गाव दोन पावलं मागं सरकून उभं राहिल्यासारखं वाटतं. पूर्वी उतरलं की समोर कडुलिंबाखाली पानठेला होता. ठेल्याच्या फळीवर दगडाखाली दाबलेला नागपूरचा पेपर असायचा आणि पेपरावर चारपाच डोकी वाकलेली असायची. आता तिथं टायरचं दुकान आहे. नशीब, की वास बदलले नाहीत. धानाची मळणी नुकतीच आटोपली होती आणि वाऱ्यावर तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, गोडसर, धुळकट वास येत होता. त्या वासाच्या मागं मागं मी गावात शिरलो.

खांद्यावर झोळी होती. झोळीत जाड कागद, पेन्सिली, ब्रश आणि शाईची दौत. दौत बरेच महिने उघडलेली नव्हती. घरून निघताना झाकण फिरेना, तेव्हा बायकोनं कोमट पाण्यात धरून ते सोडवून दिलं. "कायले एवढं ओझं नेता? पेन्सिल पुरे झाली असती," ती म्हणाली. चायना इंकचा तो कडवट, थोडा कापरासारखा वास स्वयंपाकघरात पसरला आणि मला उगाच भरून आलं.

दोन दिवसांपूर्वी वैशालीचा फोन आला होता. "काका, मी मोरेश्वरभाऊची पोरगी बोलते. बाबाले लकवा मारला तवापासून ते पलंगावरच आहेत. बोलणं थोडं थोडं येते. आता आठ दिवसांपासून एकच लावलं, चित्रकाराले बोलाव. तुम्ही याल का?"

मोरेश्वरभाऊ मला कधी नावानं हाक मारत नसत. मी त्यांच्यासाठी कायम 'चित्रकार'. आणि ते माझ्यासाठी काय होते, हे सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल.

माझं बालपण जवाहरनगरच्या क्वार्टरांत गेलं. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. सकाळी भोंगा वाजे, आणि त्या आवाजासरशी सगळ्या घरांची दारं उघडत. डब्यांचे कप्पे खणखणत, सायकलींच्या घंट्या वाजत, बसच्या धुराचा वास येई. आमच्या ओळीत बंगाली होते, तेलुगू होते, बिहारचे होते, केरळचे होते. बसच्या रांगेत देशभरची नाकं आणि मिशा उभ्या असायच्या. मी फाटकावर बसून त्या बघायचो. भाषा कळत नसे, चेहरे कळत. कुणाची मान शरीराच्या आधी चालते, कुणाचे डोळे हसतात पण ओठ नाही, हे मी तिथं शिकलो. शेजारच्या बंगाली काकूंनी तळलेल्या मासळीचा वास आणि आमच्या घरच्या लाखोळीच्या वरणाचा वास भिंतीवरून एकमेकांकडे जा-ये करत.

दिवाळी झाली की आई आम्हाला घेऊन एकोडीला जाई. आमची शेती तिथं. बांध्यांमधलं, धानाच्या खाचरांमधलं पाणी उतरलेलं असे, धान पिवळं झालेलं असे, आणि गावोगावी मंडई भरे. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. ढोलाचा आवाज, जिलबीच्या तव्यावरची वाफ, उसाची कांडकी, आणि दुपारच्या उन्हात चाललेली दंडार. दंडारीतले सोंगाडे तोंडाला काजळ आणि पांढरी माती फासून पाटलाची नक्कल करत. पाटील पुढच्याच रांगेत बसलेला असे. गर्दी सोंगाकडे नव्हे, पाटलाकडे बघायची. तो हसला की सगळी मंडई हसे. त्याचं तोंड आंबलं की एक थंड झुळूक फिरून जाई. मोठेपणी जे काम मी पोटापाण्यासाठी धरलं, ते मला वाटतं त्याच उन्हात माझ्या अंगाला लागलं.

वडिलांची इच्छा मी नोकरीत लागावं अशी होती. मी लागलो नाही. "स्वतंत्र व्यंगचित्रकार" असं मी लग्नाच्या वेळी पत्रिकेत नावाखाली लिहून घेतलं, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हंजे नेमकं काय करता?" मी म्हणालो, "घरी बसून चित्रं काढतो." ते बराच वेळ पत्रिकेकडे बघत राहिले. बायको शाळेत शिकवत होती, म्हणून मी स्वतंत्र होतो. हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसांची लय अजून अंगात आहे. पहाटे पेपर वाचायचा. आंघोळीच्या वेळी विषय डोक्यात फिरवायचा. बायको शाळेत गेली की खिडकीपाशी पाट मांडून बसायचं. आधी पेन्सिलीचं धुरकट रेखाटन, मग निब. निब कागदावर खरखरे, तो आवाज मला पावश्याच्या हाकेइतका ओळखीचा होता. शाई वाळली की खोडरबरानं पेन्सिल पुसायची, कागद फुंकायचा, खाकी पाकिटात घालायचा आणि सायकल काढून भंडाऱ्याचं बसस्थानक गाठायचं. नागपूरच्या गाडीचा ड्रायव्हर पाकीट सीटमागं खोचून ठेवी. तिकडं पेपरचा माणूस ते उतरवून घेई. गाडी वळून दिसेनाशी झाली की मी कँटीनमध्ये तर्रीपोहे खाई. तेवढा वेळ मी राजा असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद.

मोरेश्वरभाऊ तेव्हा जिल्हा परिषदेत नुकतेच निवडून आले होते. अंगानं भरलेले, पोट पुढं, आणि भुवया अशा की दोन खारी कपाळावर समोरासमोर येऊन बसल्यासारख्या. त्यांना उद्घाटनांचा फार सोस. एका वस्तीतल्या हापशीचं त्यांनी सलग तीन उन्हाळ्यांत उद्घाटन केलं. हापशी तीच, नारळ नवा. पाणी मात्र येईना. मी चित्र काढलं. हापशीभोवती फुटलेल्या नारळांचा ढीग, त्यावर हार घालून भाऊ उभे, आणि पाण्याचा रिकामा पितळी गुंड डोक्यावर घेतलेली बाई म्हणते, "भाऊ, निदान नारळाचं पाणी तरी द्या."

ते छापून आलं त्या दुपारी त्यांची जीप आमच्या दारात उभी राहिली. बायको घाबरून आत गेली. भाऊ एकटेच उतरले. चपला बाहेर काढल्या, पाटासमोर मांडी घातली, आणि पेपर उघडून माझ्यापुढं धरला.

"हे तू काढलं?"

"हो."

"भुवया बराबर आल्या." त्यांनी बोट फिरवलं. "पोट जास्त झालं. एवढं नाई माह्यं."

मी दौतीला झाकण लावलं.

"वहिनी, चहा ठेवा," त्यांनी आत आवाज दिला. चहा पिऊन उठले, आणि दारातून म्हणाले, "चित्रकार, पाह्यतोच तुले."

पुढं आठवड्याभरात त्या वस्तीवर यंत्र आलं, बोअर खोल झालं, पाणी लागलं. भाऊंनी मला जीपमध्ये घालून तिथं नेलं. स्वतः हापशी हापसून दाखवली. धोतर भिजलं. "काढ आता हे."

"पाणी येतं त्याचं काय काढायचं भाऊ?"

"काहून? चांगल्या कामाले तुह्याजवळ शाई नाई काय?" असं म्हणून ते इतके हसले, की गुंड भरायला आलेल्या बायाही हसू लागल्या.

त्यानंतर किती वर्षं मी त्यांना काढलं. ते पडले, निवडून आले, पक्ष बदलले, परत फिरले. त्यांचे केस गेले, भुवया पिकल्या. माझ्या चित्रात त्या काळ्याच राहिल्या, कारण पांढऱ्या भुवया छपाईत दिसत नसत. ते कधी रागावून फोन करीत, कधी महिना महिना बोलत नसत, आणि मग एखाद्या लग्नात पंगतीत शेजारी येऊन बसत. "तू मले इसरला काय बे? दोन महिने झाले, पेपरात नाई मी." मला वाटे, थट्टा चालली आहे. आता वाटतं, ते खरंच विचारत असावेत.

मग सायकल गेली, बसचं पाकीट गेलं. स्कॅन करायला कॉम्प्युटरच्या दुकानात जायचो, तेही गेलं. फोननंच फोटो काढून पाठवू लागलो. ड्रायव्हर नाही, कँटीन नाही, पोहे नाहीत. चित्र पोचायला क्षण लागे आणि पोचलं की नाही ते कळतच नसे. हळूहळू चौकट लहान होत गेली. चार कॉलमांची दोन झाली, दोनाची एक, आणि एक दिवस संपादकीय विभागातून एका तरुण मुलीचा फोन आला. फार गोड बोलली. "सर, पानाची नवी रचना होत आहे. तुमच्याबद्दल आम्हा सगळ्यांना खूप आदर आहे." आदर हा शब्द ऐकला आणि मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटे उठलो. पेपर वाचला. विषय सापडला. चांगला होता. पाट मांडून पेन्सिलीला टोक काढलं, आणि मग आठवलं. पेन्सिल तशीच हातात धरून बसून राहिलो. बायको शाळेतून निवृत्त झालेली होती. ती दारात आली, बघितलं, आणि शेंगा सोलायला माझ्या शेजारी बसली.

तेव्हापासून थकवा आहे. काम केल्याचा थकवा मला ठाऊक होता. मानेत यायचा, डोळ्यांत यायचा, झोपलं की उतरायचा. हा उतरत नाही. कुणाला काही टोचत नाही, कुणी रागावत नाही, दारात जीप थांबत नाही. लोक भेटतात, म्हणतात, "तुमची चित्रं फार छान असायची हो." मी मान हलवतो.

भाऊंचं घर सापडलं. शेजारी दुधाची डेअरी झाली आहे, म्हणून ओळखू आलं नव्हतं. ओट्यावर धानाची पोती रचलेली. वैशाली बाहेर आली, मागोमाग तिची आई, माझ्या वहिनी. वहिनी वाळल्या होत्या. आतल्या खोलीत मालिशच्या तेलाचा आणि फिनाईलचा वास कोंडलेला. भिंतीवर हारतुऱ्यांतले भाऊ, फीत कापणारे भाऊ, माईकसमोरचे भाऊ. आणि पलंगावर एक बारीकसा म्हातारा.

मी दारातच थांबलो. इतकी वर्षं ज्याला काढलं तो माणूस या माणसात कुठंच दिसेना. पोट गेलेलं. गाल आत. तोंड उजवीकडं ओघळलेलं, उजवा हात चादरीवर तसाच पडलेला. फक्त भुवया होत्या. पांढऱ्या, विस्कटलेल्या.

"बाबा, चित्रकार काका आले."

त्यांनी डोळे फिरवले. बराच वेळ बघितलं. मग शब्द सांडत सांडत म्हणाले, "उशीर... केला."

मी खुर्ची ओढून बसलो. वैशाली हळूच म्हणाली, "काका, दवाखान्यातून आल्यापासून हासले नाही ते. कोनी आलं तं भितीकडे तोंड करते. तुमचंच नाव घेतलं फक्त."

"काढ," भाऊ म्हणाले. "मले."

मी कागद काढला. पेन्सिलीनं जपून काढू लागलो. समोर आजारी माणूस. ओघळलेलं तोंड मी थोडं सरळ केलं, गाल थोडे भरले, डोळ्यांत शांतपणा घातला. भुवया विंचरल्या. भेटायला आलेला कुणीही भला माणूस काढील, तसं. वहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या. "छान आला चेहरा," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

वैशालीनं कागद भाऊंच्या समोर धरला. त्यांनी पाहिलं. डावा हात उचलून कागद जवळ ओढला, पुन्हा पाहिलं.

"हे... कोन होय?"

"तुम्हीच बाबा."

"याले..." ते थांबले. श्वास घेतला. शब्द गोळा केले. "याले हार घाला. अन् भितीले टांगा."

वहिनींच्या तोंडून "अहो" निघालं आणि तिथंच राहिलं.

भाऊंनी कागद पलंगाखाली टाकला. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात जीपमधून उतरलेला माणूस होता, जेमतेम, पण होता. "मले काढ म्हनलं," ते म्हणाले. "मले दया नाई पायजे चित्रकार. तुह्यी तं नाईच नाई."

माझे कान तापले. मी दुसरा कागद घेतला. इकडंतिकडं बघितलं. पलंगाशेजारी चालायचा सांगाडा, म्हणजे वॉकर होता, व्यायाम शिकवायला भंडाऱ्याहून येणाऱ्या पोरीनं आणून ठेवलेला. मी वैशालीला विचारलं, "चालतात का?"

"डावा पाय टाकतात. उजवा अजून ओढाच लागते."

मी दौत उघडली. पेन्सिल घेतलीच नाही. ब्रश शाईत बुडवला आणि सरळ भुवया काढल्या. काळ्या कुळकुळीत, दोन खारी समोरासमोर. मग पोट. जुनं, पूर्ण, धोतराच्या निऱ्यांवर सांडणारं. रेषेला कशाचीच पर्वा नव्हती. ती आपली धावत होती, आणि मी तिच्या मागं. सांगाड्याच्या दोन दांड्यांना मी फीत बांधली. भाऊंच्या हातात कात्री दिली. वहिनींच्या हातात तबक. व्यायामवाली पोरगी टाळ्या वाजवते आहे. तोंडही ओघळलेलंच काढलं, पण त्या तिरक्या तोंडातून भाषण चाललेलं. मागं कापडी फलक, त्यावर लिहिलं: डाव्या पायाचे लोकार्पण आज. उजव्याचे काम प्रगतिपथावर.

शाई ओलीच होती. मी कागद उचलून धरला.

भाऊंनी वाचायला वेळ लावला. ओठ हलले. प्रगतिपथावर या शब्दाशी थांबले. मग त्यांच्या छातीतून घरघर आली, खोकल्यासारखी. वैशाली पाणी आणायला धावली. पण तो खोकला नव्हता. पलंग हलू लागला. डोळ्यांतून पाणी वाहून कानांत चाललं होतं, तोंडाची एकच बाजू वर जात होती, आणि भाऊ हसत होते. वैशाली पाण्याचा पेला घेऊन तशीच उभी. वहिनी आधी चित्रात तबक हातात घेतलेल्या स्वतःकडे बघत राहिल्या, मग त्यांनाही आवरेना.

"पोट," भाऊ धापा टाकत म्हणाले, "पोट... जास्त झालं."

मी चष्मा काढून पुसला. कितीतरी दिवसांनी मान भरून आली होती. ओळखीचा थकवा, काम केल्याचा.

थोड्या वेळानं ते शांत झाले. म्हणाले, "कवा येईल? पेपरात."

मी वैशालीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी खूण केली, की हो म्हणा. पण नुकतंच एकदा खोटं काढून झालं होतं.

"भाऊ, माझं चित्र आता कुठंच छापून येत नाही. बंद झालं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "काहून?"

"जागा नाही म्हणतात."

त्यांच्या भुवया जवळ आल्या. मला वाटलं, आता फोन मागवतील, कुणाला तरी झापतील. डावा हात उशीपाशी फोन शोधायला गेलाही. मग तिथंच थांबला. आपला फोन आता कुणी उचलत नाही, हे त्यांना आठवलं असावं.

"मंग बाहेर लाव," ते म्हणाले. "डेअरीच्या भितीले. आता दुधाचा टाइम होते. गाव येते."

"अहो, असं आजारपन का कोनी भितीवर लावते?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, सांगू काय? तुमचं चित्र आलं की मी तो पेपर लपवून ठेवत होती. यायले समजू नये म्हनून. हे तं पानठेल्यावर जाऊन पाहून येत, अन् घरी येऊन मले इचारत, आज पेपर नाई आला काय वं? मी म्हनत होती, नाई आला."

"मालूम होतं मले," भाऊ म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज आला, कणीक शिजल्याचा वास आला. खळीचं पातेलं त्या स्वतः घेऊन आल्या. डेअरीच्या भिंतीवर चार बोटांनी खळ फासली आणि कागद लावून तळहातानं कोपरे दाबले. एक कोपरा वर येत होता, तो त्यांनी पुन्हा दाबला.

संध्याकाळ झाली होती. कॅन लटकवलेल्या सायकली, मोटारसायकली येऊ लागल्या. दुधाचा कोमट वास, शेणाचा, तणसाच्या धुराचा. आधी एक बाई थांबली, मग दोघं, मग घोळका. कुणीतरी मोठ्यानं वाचलं. "डाव्या पायाचे लोकार्पण आज." दबकी कुजबुज झाली. पुढचं वाक्य वाचलं गेलं आणि मागून एकजण खो खो हसला.

आतून, उघड्या खिडकीतून, फाटका पण खणखणीत आवाज आला.

"कोन हासला बे? नाव इचारा त्याचं!"

खिडकीतून मला भाऊंच्या तोंडाची वर गेलेली एक बाजू दिसत होती, पण डेअरीपुढं सगळे एकदम गप्प झाले. हसणाऱ्यानं तोंडावर हात ठेवला. दूध मोजणाऱ्याचं मापही हवेतच थांबलं.